नववीचे दोन तास

आमच्या शाळेत डोंगर काढायला बंदी होती.

थट्टा नाही, खरंच सांगते. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, खाली वाकडीतिकडी नदी, नदीकाठी एक झोपडी आणि झोपडीवर वाकलेलं नारळाचं झाड, असं चित्र प्रत्येक पोराच्या हातात जन्मजात असतं. आमच्या ड्रॉइंगच्या सरांना ते अजिबात खपायचं नाही. पोरगं वही घेऊन टेबलाजवळ गेलं की सर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "डोंगर कुठं बघितलास रे?"

"न्हाई बघितला सर."

"नारळाचं झाड?"

"नारळ बघितलाय सर. देवाजवळ."

"मग देवाजवळचा नारळ काढ की. त्याला झाडावर कशाला चढवलास?"

औशाच्या पुढचं आमचं गाव. जिल्हा परिषदेची प्रशाला, पाचवी ते दहावी. चहूकडं सपाट काळं रान, तूर, ज्वारी, करडई. डोंगर बघायला पोरांना एसटीत बसावं लागलं असतं. सर चित्राखाली मार्क लिहीत नसत. त्यांचे शेरे दोनच. 'बघितलं' आणि 'बघितलं नाही'. मार्क द्यायची वेळ आली की माझ्याकडं यायचे आणि म्हणायचे, "बाई, ह्याचं तुमच्या भाषेत काय होतंय ते मांडा." मी चिडायचे. मी गणिताची बाई. 'बघितलं' म्हणजे शंभरातले किती, हे मला कुठल्या पुस्तकात सापडणार होतं?

एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले. सातवीच्या वर्गात वह्या चाळल्या आणि म्हणाले, "काय हे? एकालाही निसर्गचित्र येत नाही?" आणि स्वतः खडू घेऊन फळ्यावर झकास दोन डोंगर काढले, सूर्याला किरणंसुद्धा काढली. मग मागच्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर केला आणि अगदी मनापासून विचारलं, "सर, हे बघून काढलं का?" साहेब हातावरचा खडू झटकत राहिले. आमचे सर खिडकीतून बाहेर बघत उभे. मला हसू आवरेना, म्हणून मी हजेरीपट आणायच्या निमित्तानं बाहेर सटकले. त्या वर्षी सरांच्या गोपनीय अहवालात काय लिहिलं गेलं, ते विचारू नका.

सर लोह्याचे. दर शनिवारी दुपारी एसटीनं गावाकडं आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परत. सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. हातात धरून चालत यायचे. का, तर म्हणे बसलं की समोरचा रस्ता बघावा लागतो, बाजूचं काही बघता येत न्हाई. शार्पनर त्यांना आवडायचं नाही. पेन्सिल दाढीच्या ब्लेडनं तासायची, तीही अशी लांब टोक काढून, की एखादं पोर धसमुसळेपणानं दाबायला गेलं तर टोक मोडलंच पाहिजे. रंगांची छापील नावं ते घेत नसत. तुरीच्या फुलाचा पिवळा. पाऊस पडून गेलेल्या रानाचा काळा. चहा आला की आधी बशीत ओतून रंग बघायचे, मग प्यायचे. तोवर चहा गार. आमच्या शिपाईमावशी वैतागून म्हणायच्या, "सर, प्या की हो. चित्र न्हाई ते."

गावानं मात्र त्यांना पेंटर करून टाकलं होतं. लग्नाचा फलक असो, मोटारसायकलीचा नंबर असो, निवडणुकीच्या खोल्यांचे आकडे असोत, सगळे सरांकडं. ते कुणाला नाही म्हणायचे नाहीत आणि पैसेही घ्यायचे नाहीत. पण एक अट होती. ज्याचं काम, त्यानं आधी बसून आपला स्वतःचा डावा हात कागदावर काढून द्यायचा. मग तो सरपंच असो की तलाठी. सरपंच अर्धा तास घाम पुसत बसलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. "सर, सोडा की. बोटं मोजून पाच काढलीत, आणखी काय पायजे?" "पाच हायत हे मला ठाऊक हाय. तुमची कशी हायत ते दाखवा."

ही अट माझ्यावर आली तेव्हा मला तिचा खरा अर्थ कळला.

शाळेचं वेळापत्रक मी करत असे. गणिताच्या शिक्षकाकडं ते काम आपोआप येतं, जसं काही तास जुळवणं म्हणजे समीकरण सोडवणं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी फार तोऱ्यात होते. दहावीचा निकाल, बोर्डाची परीक्षा, याशिवाय मला जगात काही दिसत नव्हतं. अभ्यासक्रम राहिला की मी सरळ ड्रॉइंगचा तास मागायला जायचे. सगळेच जायचे. इंग्रजी जायचं, विज्ञान जायचं. ड्रॉइंगचा तास म्हणजे गावातली पडीक जमीन, ज्याला गरज लागेल त्यानं नांगर घालावा. सरही म्हणायचे, "घ्या की." असे कितीक तास त्यांनी देऊन टाकले असतील.

एके दिवशी मात्र म्हणाले, "घ्या बाई. पण आधी आपला हात काढून द्या. जमला की तास तुमचा."

मी म्हटलं, यात काय! वर्तुळ, कोन, प्रमाण, हे सगळं माझंच राज्य. बसले पोरांच्या बाकावर. करंगळी जमली. अंगठा काढला आणि बघते तर भरताचं वांगं! खोडलं. पुन्हा काढला. मग लक्षात आलं, तीस वर्षं हा हात अंगाला आहे आणि अंगठा तळहाताला नक्की कुठून फुटतो हे आपल्याला माहीतच नाही. चिडून पुन्हा बघायला लागले. नखाजवळ खडूची पांढरी रेघ होती, तिथं कातडी भेगाळली होती. आईच्या हाताला अगदी तिथंच भेग होती. घंटा कधी झाली ते मला कळलंच नाही. तास संपला होता आणि गणिताचं एक अक्षर झालं नव्हतं. सर माझ्या कागदाकडं बघून म्हणाले, "अंगठा चुकलाय. पण बघितलं." मी तो कागद चुरगाळून टाकला नाही, एवढं कबूल करते. त्यानंतर त्यांचा तास मागायला मी गेले नाही.

मग तो भूकंप झाला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. त्याबद्दल लिहिणारे खूप आहेत, मी थोडंच लिहीन. आमच्या गावातली दगडमातीची घरं बसली. माणसं गेली. माझ्या वर्गातली पोरं गेली. हजेरीपटावर नावं होती आणि मी ती पुकारायची की नाही, हे मला कुणी सांगत नव्हतं. शाळेच्या दोन खोल्या पडल्या होत्या, म्हणून माळावर पत्र्याचं शेड टाकून दिलं.

सर तेव्हा गणपतीसाठी लोह्याला गेलेले होते. दोन दिवसांनी, मिळेल त्या गाडीनं आणि उरलेलं पायी, असे येऊन पोचले. काखेत ड्रॉइंगच्या कागदाचा भला मोठा गठ्ठा. माझं डोकंच फिरलं. लोक तांदूळ आणत होते, घोंगड्या आणत होते. मी सगळ्यांसमोर ओरडले, "सर, इथं लेकरांच्या पोटात अन्न नाही आणि तुम्ही कागद घेऊन आलात?"

ते शांतपणे म्हणाले, "अन्न बाकीचे आणून राहिले ना बाई. कागद कोण आणल?"

काही आठवड्यांनी शहरातून एक मंडळ आलं. चांगली माणसं होती, मी नावं ठेवत नाही. पोरांना रंगीत खडूंच्या पेट्या वाटल्या आणि त्यांच्यातल्या ताई गोड आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, त्या दिवशी तुम्ही काय काय पाहिलं, ते काढा बरं." पत्र्याखाली सत्तर-ऐंशी पोरं. एकाही पेटीचं झाकण उघडलं नाही. नुसत्या पेट्या मांडीवर धरून बसलेली. सर उठले आणि एकेक पेटी गोळा करत सुटले. ताई गडबडल्या. सर त्यांना म्हणाले, "ताई, राग मानू नका. ते बघायला आमच्या लेकरांना चित्र लागत न्हाई. डोळे मिटले की दिसतंय. तुम्ही उद्या जाताल, ते चित्र इथंच राहील."

मग त्यांनी मदतीत आलेली एक निळी प्लास्टिकची बादली उचलली, स्टुलावर ठेवली. शेजारी घडी घातलेली चादर. ग्रेड परीक्षेला वस्तुचित्राचा पेपर असतो ना, अगदी तशी मांडणी. म्हणाले, "ही बादली. वरची कड गोल दिसती का लांबट? बघा. घाई न्हाई." आणि कागद वाटले.

बराच वेळ नुसता पेन्सिलींचा आवाज. मग एक पोरगी, जी भूकंपापासून कुणाशी बोलली नव्हती, अगदी आईशीसुद्धा, ती उठून स्टुलाजवळ गेली. बादलीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, कड सगळीकडं सारखी जाड न्हाई."

सर म्हणाले, "शाबास. बघितलंस."

मी शेडाच्या मागं जाऊन ढसाढसा रडले. मी काही रडूबाई नाही, शाळेत कुणालाही विचारा. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, मी या माणसाच्या बरोबरीनं नोकरी करते, ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे.

पुढं गावं उठली, नवी वसली, शाळेला पक्की इमारत आली. आणि लातूरला क्लासचं पीक आलं. पीकच म्हणायचं. गल्लीबोळात क्लास, चौकाचौकात गुणवंतांच्या फोटोंचे फलक. सर लातूरला गेले की ते फलक उभे राहून वाचायचे आणि त्यातल्या अक्षरांवर टीका करायचे. "एकेक अक्षर दुसऱ्याला ढकलून राहिलंय बघा. श्वास घ्यायला जागा न्हाई." आमच्या गावातूनही जीप भरभरून पोरं जायला लागली. जी जाऊ शकत नव्हती, त्यांच्या आईबापांना वाटायला लागलं, मग शाळेनंच क्लाससारखं व्हावं.

त्याच सुमारास पालकांची सभा झाली. विषय एकच, नववीपासून गणिताला जादा तास. ते कुठून आणायचे? नववीला चित्रकलेचे आठवड्याला दोन तास होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दरवर्षी वरच्या कार्यालयात शाळेच्या तासांवरून शिक्षकांची पदं ठरतात. कागदावरचे तास कमी झाले की पद जातं आणि माणूस अतिरिक्त ठरतो. पाचवी ते आठवीचे तास आधीच एकेक करून कमी झाले होते. नववीचे हे दोन गेले असते तर आमच्या शाळेतलं ड्रॉइंगच्या शिक्षकाचं पदच पुसलं गेलं असतं. सरांना दुसरीकडं पाठवलं असतं. पण आमच्या गावात चित्रकला पुन्हा कधी आलीच नसती, कारण गेलेलं पद परत येत नाही. हे मला माहीत होतं, मुख्याध्यापकांना माहीत होतं. पालकांना माहीत नव्हतं.

मी तयारी करून गेले होते. उठून छान हिशेबी भाषण केलं. चित्रकलेमुळं हात वळतो, जीवशास्त्राच्या आकृत्या सुबक येतात, बेडकाच्या पचनसंस्थेला मार्क आहेत, फुलाच्या उभ्या छेदाला मार्क आहेत, म्हणजे शेवटी हे तास मार्कांच्याच कामाला येतात. पालक माना डोलवायला लागले. मुख्याध्यापकांचा चेहरा उजळला. मला वाटलं, जिंकलं.

आणि सर उठले.

"बाई माझं भलं करून राहिल्या, त्यांचे उपकार हायत. पण हे मला पटत न्हाई. आकृतीला मार्क पडत असतील, मी कवा मोजले न्हाईत. पण त्यासाठी तास ठिवला, तर उद्या आकृती छापून येईल आन तुम्ही म्हणताल, आता ड्रॉइंगचं काय काम? चित्रकला कुणाच्या घरची मोलकरीण न्हाई. ठिवायचा तर चित्रासाठी तास ठिवा. न्हाईतर खुशाल काढा. मी जातो जिथं पाठवताल तिथं."

खाली बसले. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. एवढं तोंडाशी आणून दिलेलं, आणि हा माणूस लाथ मारतो!

शाळा समितीचे अध्यक्ष उभे राहिले. गावात त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "सर, तुमचा मान हाय. पण जमाना कुठं चाललाय बघा. तिकडं लातूरला पोरं पहाटं पाचाला क्लासला बसून राहिलेत, आन आपली पोरं इथं बादल्या काढत बसलेत."

सभेत हशा पिकला. सरही हसले बहुतेक. मला मात्र ते 'बादल्या' ऐकून काय झालं, ते आजही नीट सांगता येत नाही. मी पुन्हा उठले.

"हे जादा तास कुणाला द्यायचेत?"

"तुम्हालाच की बाई. गणिताला."

"मला नको."

अध्यक्षांना वाटलं मी ऐकलं नाही. "अहो, तुमच्यासाठीच तर चाललंय हे."

"ऐकलं मी. मला नको म्हणते. मला आहेत तेवढ्या तासांत गणित शिकवता येतं. येत नसेल तर माझी बदली करा. त्यांचे तास कशाला तोडता?"

"आन निकाल घसरला तर?"

"तर माझ्या दारात या. त्यांच्या नाही."

जादा तास मागणाऱ्या विषयाचीच बाई तास नको म्हणतेय, यावर कुणाची तयारी नव्हती. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, इतिवृत्ताच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "मग आहे तसंच राहू द्या."

सभा संपल्यावर सर स्टाफरूममध्ये आले. मला वाटलं आता आभार मानतील. म्हणाले, "नंतरचं बोलणं चांगलं झालं बाई. ते बेडकाचं नको होतं."

"तुम्हाला वाचवलं हीच चूक झाली माझी!" मी कडाडले.

"मला कुठं वाचवलं? तासाला वाचवलं." आणि बशीत चहा ओतून त्याचा रंग बघत बसले.

त्या वर्षी मी पोरांकडून आणि स्वतःकडून जे काम करून घेतलं, ते माझं मला माहीत. निकाल घसरला नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात ते दोनच वाक्यं बोलले. पहिलं, "मी इथं लई बघितलं." दुसरं, "आता बसा, उन्हं वाढलीत." त्यांच्या जागेवर कुणी आलं नाही. दर जूनला नवे-जुने मुख्याध्यापक मला म्हणायचे, "बाई, शिक्षक नाही तर तास रिकामा कशाला ठेवता? तुमच्याच नावावर टाका." मी दर जूनला वेळापत्रकात नववीच्या त्या दोन चौकटींत 'चित्रकला' एवढंच लिहायचे. त्या तासांना मीच वर्गावर बसायचे. मला चित्र शिकवता येत नव्हतं, पोरं आपली आपण काढायची. मी एकच काम केलं. त्या दोन तासांत कुणाला गणिताची वही उघडू दिली नाही. अशी बरीच वर्षं गेली. आजूबाजूच्या शाळांतली पदं एकामागून एक गेली. आमचं कागदावर रिकामं राहिलं, पण राहिलं.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एक तरुण बाई रुजू व्हायला आल्या. माहेर मुदखेडचं, नोकरी उदगीरकडच्या एका शाळेत. तिथले चित्रकलेचे तास कुठल्याशा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला दिले गेले आणि बाई अतिरिक्त ठरल्या. जिल्ह्यात रिकामं पद शोधता शोधता त्यांना आमच्याकडं पाठवलं होतं. हातात आदेश, डोळ्यांत धाकधूक. म्हणाल्या, "बाई, इथं खरंच तास आहेत ना? का इथूनही पाठवतील?"

मी त्यांना हाताला धरून नववीच्या वर्गावर नेलं आणि पोरांना म्हटलं, "या तुमच्या ड्रॉइंगच्या बाई." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खडू त्यांच्या हातात दिला आणि वर्गाबाहेर आले.

संध्याकाळी लोह्याला फोन लावला. सर आता ऐंशीच्या जवळ आलेले. ऐकायला कमी येतं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं, "सर, तुमच्या जागेवर माणूस आलं!"

"कोण आलं?"

"ड्रॉइंगच्या बाई! पद राहिलं सर आपलं! मी जाऊ दिलं नाही!"

बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, म्हातारा गहिवरला. मीही पदर डोळ्याला लावला.

मग पलीकडून आलं, "नववीला तास किती हायत?"

"दोन. तुमच्या वेळचे तेच दोन."

"दोनच?" सर कडाडले. "इतकी वर्षं झाली आन तुम्ही तिसरा मागितला न्हाई? काय करून राहिल्या बाई तुम्ही तिथं?"

मी फोन आपटला. घरात येरझारा घातल्या, सरांना तोंडभरून शिव्या दिल्या, जेवणसुद्धा धड झालं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच मी मुख्याध्यापकांच्या टेबलापुढं उभी होते. म्हटलं, "सर, नववीच्या गणिताचा एक तास कमी करा." ते बघतच राहिले. बदललेलं वेळापत्रक मी घरूनच लिहून आणलं होतं.